मदत हवी आहे: श्वास मोजणारा पट्टा नेमका कुठे बांधायचा?
मालवणात १३ ते १७ वयाच्या पाच मुलांचा योगवर्ग घेते. सगळ्यांची दुखणी जुनी. डॉक्टरांना विचारूनच येतात. श्वास मोजायला छातीला बांधायचा सेन्सरचा पट्टा आणलाय, श्वासाने ताणला गेला की मोजणारा. शवासनात मिनिटाला १४-१५ श्वास बरोबर दाखवतो. पोटाने श्वास सुरू केला की आकडा थेट ४, मी हाताने मोजले तर ८! घट्ट बांधून पाहिला, घाम पुसून पाहिला (इथली दमट हवा माहीतच आहे), सेलही बदलला. बरगड्यांखाली बांधला तर भुजंगासनात रुततो; पाठदुखीवाल्या मुलीला तेवढंही सोसत नाही. आकडा मोबाइलवर येतो, तो उलटाच ठेवते; आकडा दिसला की पोरं श्वास ओढायला लागतात. दुसरा पट्टा परवडणार नाही. बसून पोटाचा श्वास मोजताना तुम्ही पट्टा कुठे आणि किती सैल बांधता?