प्रति: कोच एवढं हळू का पळवतो?

वरती विचारलंय ना की आठवड्यातले तीन दिवस कोच कासवासारखं पळवतो मग पैसे कशाचे देतोय, अहो तेच तर खरं काम आहे त्याचं! जोरात पळायला कुणी सांगावं लागत नाही, ग्रुपमधलं कुणी पुढे गेलं की आपण सुटतोच. हळू पळताना स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, शरीर चरबी वापरायला शिकतं, आणि मुख्य म्हणजे दम लवकर वाढतो पण टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे पट्टे) आणि हाडं मागून येतात, त्यामुळे दोन महिन्यांत एकदम फिट वाटायला लागतं आणि नेमकी तेव्हाच नडगी नाहीतर टाच धरते.

टेस्ट सोपी, पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. घड्याळातल्या झोनवर (हृदयाच्या ठोक्यांच्या टप्प्यांवर) फार जाऊ नका, मनगटावरचा सेन्सर कधीकधी हृदयाऐवजी पावलांचेच ठोके मोजतो.

जानेवारीची मुंबई फुल मॅरेथॉन करताय म्हणजे लाँग रन (आठवड्यातलं सगळ्यात लांब पळणं) वाढणार ते नेमके ऑक्टोबर हीटमध्ये, तेव्हा पेस म्हणजे वेग विसरा. रेसमध्ये पेडर रोडचा चढ शेवटच्या टप्प्यात येतो, सुरुवातीला केलेल्या घाईचा सगळा हिशोब तिथे होतो.

हां, आणि शनिवारचा रन राहिला तर तो रविवारच्या लाँग रनला जोडायचा नाही, राहिला तो राहिला.

बाकी कोच सगळ्यांना एकच एक्सेल शीट पाठवत असेल तर मात्र तुमची तक्रार बरोबर आहे. तुमचा लॉग (पळण्याची नोंद) बघून प्लॅन बदलतो का तो?