मदत हवी आहे: पिकअप घ्यायची आहे, दीड लिटर टर्बो की अडीच लिटरचं मोठं इंजिन?

कॅरेटवाला
नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहून राहिलो. आमची जुनी पिकअप विकली, नवी घ्यायची आहे. परवा टोकन द्यायचं आहे म्हणून घाई. शोरूमवाला म्हणते की दीड लिटरची टर्बो घ्या, ताकद तेवढीच येते. बाबा म्हणतात मोठं इंजिन ते मोठंच, लहान इंजिन ओझ्याखाली लवकर थकते. किंमत अन् फायनान्सचं जमलेलं आहे, ते नका सांगू. इंजिन कोणतं, एवढंच सांगा.

वाडी_गॅरेज
भाऊ, माल काय? किती टन? रोजचे किलोमीटर किती, रस्ता कोणता? हे न सांगता उत्तर कसं देणार? अन् अडीच लिटरची म्हणजे २५२३ सीसीवाली ना? तिलाही टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, आहेच. बिनटर्बोच्या जुन्या मोठ्या डिझेलचा काळ गेला. तुमचा प्रश्न टर्बो की बिनटर्बो असा नाही, लहान टर्बो की मोठा टर्बो असा आहे.

कॅरेटवाला
माल संत्रा. काटोल भागातून नागपूरच्या कळमना मार्केटला. ८०-९० कॅरेट, म्हणजे पावणेदोन टनापर्यंत जाते. आता सांगा.

घाटवळण
मोठंच घ्या दादा, विचारच करू नका. मी अकरा वर्षांपासून नागपूर-छिंदवाडा लाइनवर आहे. सौंसरच्या पुढे सिल्लेवानीचा घाट लागते. भरलेली गाडी वळणावर हळू झाली की लहान इंजिन कमी फेऱ्यांत एकदम मरते. टर्बो उठेपर्यंत दुसरा गिअर, मग पहिला, अन् मागे ट्रकवाला हॉर्न देऊन राहिला असते. मोठं इंजिन तिथं तिसऱ्यात गुरगुरत निघून जाते. मी दोन्ही चालवल्या आहेत, ऐकीव नाही सांगत.

आकडेमोड
काटोल-कळमना रस्त्यावर सिल्लेवानीसारखा घाट कुठे आहे? उगाच घाबरवू नका. दीड लिटरवाली म्हणजे टाटाची इंट्रा व्ही ५०, तिचं इंजिन १४९६ सीसी, ८० एचपी, ओढ म्हणजे टॉर्क २२० न्यूटन मीटर. बोलेरो पिकअपचं २५२३ सीसी, तिचा टॉर्कही २०० ते २२० च्याच घरात. म्हणजे एक लिटर कमी असूनही ओढ तेवढीच. आणखी एक उदाहरण: इसुझूच्या व्ही-क्रॉस पिकअपचं जुनं २.५ लिटर इंजिन ३२० न्यूटन मीटर द्यायचं, त्याच्या जागी आलेलं १.९ लिटरचं ३६० देतं. इंजिनचा आकार बघून ताकद ठरवायचे दिवस संपले.

घाटवळण
कागदावर ओढ तेवढीच असेल हो, पण ती कोणत्या आरपीएमला, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर मिळते ते सांगा ना! मोठ्याला दीड हजाराच्या आतच पूर्ण जोर येते. लहान्याला पावणेदोन हजार तरी लागतात. कळमन्याच्या गेटवर रांगेत भरलेली गाडी दर दोन मिनिटांनी उचलावी लागते, तेव्हा हा फरक क्लचप्लेटला समजते.

आकडेमोड
हे मान्य. खालच्या फेऱ्यांत मोठं इंजिन सरस आहे. पण त्यासाठी रोजच्या रिकाम्या परतीत जास्त डिझेल जाळायचं का?

डॅलसकर
मी टेक्सासात असतो. इथे पिकअपवाल्यांत हाच वाद वर्षानुवर्षे चालू आहे. फोर्डने २०११ च्या एफ-१५० मध्ये ३.५ लिटरचं, दोन टर्बोचं सहा सिलिंडरी (व्ही ६) इंजिन आणलं, तेही ५ लिटरच्या आठ सिलिंडरी व्ही ८ च्या शेजारी. रॅम कंपनीने २०२५ ला ‘१५००’ नावाच्या पिकअपमधलं ५.७ लिटरचं व्ही ८ काढून ३ लिटरचं ट्विन टर्बो दिलं आणि २०२६ ला व्ही ८ परत आणलं, लोकांना तेच हवं होतं. इथला अनुभव असा की लहान टर्बो रिकाम्या गाडीत इंधन वाचवतं, मागे ट्रेलर जोडला की मोठ्याएवढंच पितं.

वाडी_गॅरेज
साहेब, तुमच्याकडच्या त्या गाड्या पेट्रोलच्या. पेट्रोल टर्बोवर ओझं आलं की आतली उष्णता आवरायला जादा पेट्रोल सोडावं लागतं, म्हणून अॅव्हरेज पडतं. डिझेलमध्ये तसं नसतं. तुलना इथे लावू नका, वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

हिरवा_पंप
सीएनजी का नाही घेत? माझ्या साडूने घेतली, खर्च पुष्कळ वाचतो.

कॅरेटवाला
सीएनजी नाही घ्यायची. टाक्यांचं वजन जाऊन माल कमी बसते. कृपया इंजिनवर बोला.

समृद्धी_प्रवासी
समृद्धीवर मालगाड्यांना ८० ची मर्यादा आहे, तरी पिकअपवाले शंभरने पळवतात. मे महिन्यात तापलेल्या काँक्रीटवर, घासलेल्या टायरांनी! इंजिन कोणतंही घ्या, टायरची हवा बघा, हात जोडून सांगतो.

वाडी_गॅरेज
धागाकर्त्याला एक राहिलेलं विचारतो. संत्रा काही बारा महिने नाही. आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे, मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये. बाकीच्या महिन्यांत गाडी काय करते?

कॅरेटवाला
नागपुरातच, वाडी भागातून इतवारी बाजारात हार्डवेअरचा माल. एका फेरीत १२-१५ किलोमीटर, दिवसाच्या तीन-चार फेऱ्या. त्याचा इंजिनशी काय संबंध?

वाडी_गॅरेज
सगळा संबंध तिथेच आहे! हे पहिल्या पोस्टमध्ये पाहिजे होतं. तुमची विकलेली गाडी बीएस ४, म्हणजे जुन्या प्रदूषण नियमांची असेल, तिला डीपीएफ नव्हता. आता सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी अडवणारी ही जाळी असते. ती काजळी जाळायला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते, अन् त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. इतवारीच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्यात घासत गेलेली गाडी तेवढी तापतच नाही. जाळी चोंदते, दिवा लागतो, गाडी दम सोडते. मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे अशी एक आली. गाडीच्या कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष चालवण्याचा होता. मालक दोन महिने दिवा लागलेलाच चालवत होते. जाळी बदलायचा खर्च ऐकून माणूस खाली बसला, मला फार वाईट वाटलं.

घाटवळण
म्हणजे मोठं इंजिन नको?

वाडी_गॅरेज
जाळी दोघांनाही आहे, त्यातून सुटका नाही. उलट रिकामं मोठं इंजिन गर्दीत आणखी थंड राहतं. म्हणून वर्षातले सात-आठ महिने इतवारी अन् चार महिने संत्रा असेल तर मी दीड लिटरकडे झुकेन. पण तिची क्षमता आहे १५०० किलोची. पावणेदोन टन भरणार असाल तर ती घेऊच नका. स्प्रिंगचे पाटे अन् क्लच आधी जातील, टर्बो मग. नाहीतर ७० कॅरेटवर थांबा.

आकडेमोड
मीही तेच म्हणत होतो.

घाटवळण
तुम्ही ओव्हरलोडचं एकदा तरी म्हणाले का? सीझनमध्ये ७० कॅरेटवर कोण थांबते? बागवान तिथंच उभा असते, आणखी वीस टाका म्हणून.

कॅरेटवाला
खरं आहे. बाबा ९० च्या खाली भरतच नाहीत. मग आता मोठीच ना? अन् ती टर्बोची काळजी काय असते?

वाडी_गॅरेज
९० कॅरेट पक्के असतील तर मोठी, १७०० किलो क्षमतेची; पावणेदोन टन तिलाही ५० किलो जास्तच, म्हणून तीन कॅरेट कमी भरा. वजनामुळे, ताकदीमुळे नाही. पण मग आठवड्यातून एकदा काटोल रोडला किंवा वर्धा रोडला अर्धा तास सलग पळवा, गिअर एक खाली ठेवून. टर्बोचं एवढंच: त्याचं चाक मिनिटाला लाखावर फेरे घेते अन् त्याला थंडावा इंजिन ऑइलचाच. काटोलहून भरलेली गाडी आणली की लगेच चावी बंद नका करू, दोन मिनिटं आयडलवर ठेवा. ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच, अन् वेळेवर. उन्हाळ्यात धुळीने एअर फिल्टर भरते, तो उघडून बघा.

कॅरेटवाला
धन्यवाद दादा. टोकन चार दिवस पुढे ढकलतो. भरलेल्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह देतात का शोरूमवाले?

वाडी_गॅरेज
मागून बघा. माल नाही म्हणाले तर पाण्याच्या २० लिटरच्या कॅन भरून न्या, ७५ कॅन म्हणजे दीड टन. उड्डाणपुलाच्या चढावर मध्येच थांबून परत उचला. बाबांना सोबत घ्या.