मेडिकल आधी नको

कॅनडाच्या स्पाउस स्पॉन्सरशिपसाठी (नवऱ्याला किंवा बायकोला तिकडे कायमचं बोलावण्याच्या अर्जासाठी) मेडिकल, म्हणजे वैद्यकीय तपासणी, आधीच उरकून ठेवा, असा सल्ला काही जण देतात; तो पटला नाही. अहवाल 12 महिनेच चालतो. फाइल रेंगाळली तर पुन्हा तपासणी, पुन्हा फी. इमिग्रेशन खात्याचं सूचनापत्र आल्यावरच तपासणीला जावं. वेळ खरा जातो तो IMM 5669 फॉर्ममध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या वैयक्तिक माहितीच्या फॉर्ममध्ये. गेल्या 10 वर्षांचा हिशेब त्यात महिन्यागणिक लागतो, आणि आपली मंडळी फक्त नोकऱ्या भरतात! मार्चमध्ये एक सोडली, जुलैत दुसरी धरली, तर एप्रिल ते जून ‘बेरोजगार, पुणे’ अशी वेगळी ओळ हवी. घरी बसलो होतो हे लिहायला लाजू नये. मधले महिने रिकामे राहिले की अर्ज अपूर्ण ठरून परत येऊ शकतो, मग रांगेतला नंबरही गेला.