सोलरच्या डीसी बाजूला घरातलीच एमसीबी चालेल का?

लातूरकर:
नमस्कार. आमच्या छतावर ३ किलोवॉटची ऑनग्रिड (वीज कंपनीच्या लाइनला जोडलेली) सोलर यंत्रणा नुकतीच बसली असून ५४० वॉटची सहा पॅनेल एकाच स्ट्रिंगमध्ये (एकामागोमाग एक अशा साखळीत) जोडलेली आहेत. डीसीडीबीत (पॅनेलकडून येणाऱ्या डीसी तारांच्या पेटीत) डोकावले, तर घरच्या बोर्डावर असते तशीच ‘सी ३२, २४०/४१५ व्होल्ट’ असे छापलेली एमसीबी (जादा करंट आल्यास आपोआप पडणारा स्विच) दिसली आणि एसपीडीचा (विजेच्या लाटेपासून वाचवणाऱ्या उपकरणाचा) पत्ताच नव्हता. ‘करंट जेमतेम १३ अँपिअर, बिनधास्त राहा,’ असे ठेकेदार म्हणतात. हे मान्य करावे का?

वायरमन_सोलापूर:
मुळीच नाही. अशा एका पॅनेलचे खुले व्होल्टेज (काहीच भार जोडलेला नसतानाचे) ४९-५० व्होल्ट असते, म्हणजे सहांचे मिळून सुमारे ३०० व्होल्ट डीसी झाले, आणि थंडीच्या सकाळी ते आणखी चढते. आपल्याकडचा एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येत असल्यामुळे एमसीबी उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही, त्यामुळे ती ठिणगी धरून राहते आणि पेटी जळू शकते. शिवाय पॅनेलचा शॉर्ट सर्किट करंटच १४ अँपिअरच्या आत असल्याने ही ३२ची एमसीबी कधी ट्रिप होणारच नाही. तिचे खरे काम चालू प्रवाह सुरक्षितपणे तोडणे हेच आहे, आणि नेमके तेच तिला जमत नाही. किमान ५०० व्होल्ट डीसी छापलेली एमसीबी किंवा डीसी आयसोलेटर (डीसी प्रवाह हाताने तोडण्याचा स्विच) मागून घ्या. काही डीसी एमसीबींवर अधिक-उणे खुणा असतात. त्या उलट जोडल्या तर ठिणगी विझत नाही, म्हणून कंपनीची आकृती पाहूनच जोडणी करून घ्यावी.

गच्चीवरचे_ऊन:
एसपीडीबाबतही अडून बसा. मराठवाड्यात वळवाच्या पावसात विजा किती कोसळतात हे आपण जाणताच. आपल्या स्ट्रिंगला ६०० व्होल्टची टाइप २ डीसी एसपीडी योग्य ठरेल. तिची अर्थिंगची तार शक्य तितकी आखूड आणि सरळ असावी, वेटोळे नकोत. खिडकीतला हिरवा रंग लाल झाला की आतील भाग बदलावा लागतो. फ्यूजचा मात्र आग्रह नको; तीन किंवा अधिक स्ट्रिंग समांतर असतील तेव्हाच त्यांची खरी गरज पडते.

लातूरकर:
दोघांचेही मनापासून आभार. बदल होईपर्यंत ही एमसीबी बंद करून ठेवू का?

वायरमन_सोलापूर:
भर उन्हात ती थेट पाडू नका. आधी एसीडीबीतील (एसी बाजूच्या पेटीतील) एमसीबी बंद करा, इन्व्हर्टर (डीसीचे एसी करणारे यंत्र) थांबला की डीसी प्रवाह जवळजवळ शून्यावर येतो, मगच ती डीसी बाजूची एमसीबी खाली करा. त्यानंतरही पॅनेलकडून येणाऱ्या तारांत दिवसभर ३०० व्होल्ट असतातच. पेटीचे झाकण लावून ठेवा आणि मुलांना दूर ठेवा.