आईबाबांच्या घरचा कॅमेरा मोबाईलवर बघायचा आहे, सल्ला हवा

आईबाबा दोघंच राहतात, मी दुसऱ्या गावी. मागच्या महिन्यात बाबा मागच्या अंगणात पाय घसरून पडले आणि मला ते दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून कॅमेऱ्याचा विचार डोक्यातून जात नाही. एक दारावर, एक अंगणात असे दोन लावायचे आहेत. घरी फायबरचं इंटरनेट आहे. कॅमेरे बसवणारा म्हणतो, "पोर्ट फॉरवर्डिंग करून देतो, कुठूनही दिसेल." करू देऊ का? आणि रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डावर ठेवू की क्लाउडवर?

प्रतिसाद १
पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरून थेट कॅमेऱ्यापर्यंत येणारं दार (पोर्ट) राउटरमध्ये उघडणं. ते अजिबात उघडू देऊ नका. पोर्ट उघडलं की तुम्हाला जसा कॅमेरा बाहेरून दिसतो तसा तो सगळ्या जगालाही सापडतो. असे उघडे कॅमेरे शोधत फिरणारे प्रोग्रॅम दिवसरात्र चालू असतात. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने कॅमेरे, डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा) आणि राउटर लाखांच्या संख्येने ताब्यात घेतले होते, तेही फक्त कंपनीने दिलेले साठेक ठरावीक पासवर्ड एकामागून एक लावून बघत.

आजकालच्या बहुतेक वायफाय कॅमेऱ्यांना पोर्ट लागतच नाही. कॅमेरा स्वतःच कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी करतो आणि तुमचं अ‍ॅप त्याच वाटेने त्याच्यापर्यंत पोचतं. म्हणजे सगळी भिस्त अ‍ॅपच्या खात्यावर. पासवर्ड लांब ठेवा, तो दुसरीकडे कुठेही वापरलेला नसावा, आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. राउटरमध्ये यूपीएनपी नावाची सोय चालू असेल तर बंद करा, नाहीतर एखादं उपकरण तुम्हाला न विचारता पोर्ट उघडतं.

कळकळीने सांगतो, खातं तुमच्याच नंबरवर किंवा ईमेलवर उघडा. बसवणारा माणूस घाईत स्वतःच्या मोबाईलवरून कॅमेरा जोडतो आणि तुम्हाला नुसतं 'शेअर' करतो. मग घराचा मालक तुम्ही आणि कॅमेऱ्याचा मालक तो! आमच्याकडे हेच झालं होतं. शेवटी कॅमेरा रीसेट करून सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

प्रतिसाद २
कार्डाबद्दल. १०८०पी (फुल एचडी) कॅमेरा साधारण २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) घेतो असं धरा. दिवसाला साडेएकवीस जीबी होतात, म्हणजे १२८ जीबीच्या कार्डात पाच-सहा दिवस मावतात, मग जुनं पुसून नवं लिहिलं जातं. साधं कार्ड सततच्या लिहिण्याने लवकर मरतं, 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलंच घ्या. चोराने कॅमेराच उचलून नेला तर कार्डही गेलं, म्हणून दाराच्या कॅमेऱ्याला क्लाउड घ्यावं असं माझं मत. अंगणाच्या कॅमेऱ्याला कार्ड पुरे.

बाहेरून बघताना घरच्या कनेक्शनचा अपलोड वेग (घरातून बाहेर पाठवण्याचा) महत्त्वाचा. डाउनलोडचा आकडा बघून खूश होऊ नका.

धागाकर्ती
मनापासून आभार. राउटरच्या पानावर वॅन आयपी (इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) १००.७२ ने सुरू होणारा दिसतोय. यात काही अडचण आहे का?

प्रतिसाद ३
पहिला प्रतिसाद माझाच. १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला आयपी म्हणजे तुम्ही सीजीनॅटमागे आहात. एकच सार्वजनिक पत्ता कंपनी अनेक ग्राहकांत वाटून देते. तिथे पोर्ट फॉरवर्डिंग केलं असतं तरी बाहेरून काही दिसलं नसतं. अ‍ॅपवाल्या कॅमेऱ्याला याने काही फरक पडत नाही.

अंगणातल्या कॅमेऱ्याचं मात्र नीट बघा. हे कॅमेरे बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतात. ते भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झपेक्षा बरं पोचतं, पण दोन जाड भिंती आड आल्या तर तेही थकतं. कायमचं भोक पाडण्याआधी कॅमेरा त्या जागी नुसता हातात धरून चित्र अडखळतंय का ते तपासा. अडखळलं तर पीओई कॅमेरा घ्या. एकाच केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जातं, १०० मीटरपर्यंत. खिडकीच्या काचेआडून लावू नका, रात्री इन्फ्रारेडचा उजेड काचेवरून उलटतो आणि नुसतं पांढरं दिसतं.

राउटर आणि फायबरचा डबा, दोन्हींना छोटा यूपीएस द्या. वीज गेली की नेमकं तेव्हाच बघावंसं वाटतं.

प्रतिसाद ४
आईबाबांना विचारलंत का? माझ्या आईला अंगणातला कॅमेरा चालला, पण त्यातून माझा आवाज अचानक आला की ती दचकायची. मग ठरवलं, आधी फोन, तिने उचलला नाही तरच कॅमेरा. घराच्या आत लावलाच नाही.

धागाकर्ती
काल आईशी बोलले. दार आणि अंगण चालेल म्हणाली, पण तुळशीपाशी ती सकाळी बसते तेवढा कोपरा सोड म्हणाली. अ‍ॅपमध्ये तेवढा भाग झाकायची सोय असलेलंच मॉडेल घेतेय. रविवारी बसवणार. वायफाय बंद करून मोबाईल डेटावर चित्र दिसल्याशिवाय तिथून निघणार नाही.