चर्चा धागा: एफईएचा स्ट्रेस समान ग्रिडवर काढून पाठवणं बंद करायला हवं

जाळीकार:
एफईए (फायनाइट एलिमेंट ॲनालिसिस, म्हणजे भागाचे छोटे तुकडे पाडून त्यातला स्ट्रेस, म्हणजे ताण, संगणकावर काढणं) सिम्युलेशन संपलं की समोरच्याला सीएसव्ही (रकान्यांची साधी फाइल) हवी असते, आणि आपण सरसकट 2 मिमीचं ग्रिड (समान अंतरावरचे बिंदू) टाकून आकडे काढून देतो. स्ट्रेससाठी हे चूक आहे, असं माझं ठाम मत आहे.

रुंद पत्रा घ्या, मधे 10 मिमी व्यासाचं भोक, एका दिशेने 100 मेगापास्कलची ओढ. भोकाच्या कडेला स्ट्रेस तिप्पट होतो, म्हणजे 300. किर्शने 1898 सालीच हे गणित मांडलंय. आता भोकाच्या मध्यापासून, ओढीला आडवं, 2 मिमीवर एकेक बिंदू घ्या. 0, 2 आणि 4 भोकातच पडतात, तिथे फाइलमध्ये 'नॅन' (आकडा नाही) येतं. पुढचा बिंदू 6 वर, म्हणजे कड ओलांडून 1 मिमी. तिथे स्ट्रेस साधारण 207. मेश (त्या छोट्या तुकड्यांची, म्हणजे एलिमेंटांची जाळी) कितीही बारीक असू दे, सॉल्व्हरने (गणित सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरने) 300 अचूक काढलेला असू दे, त्या रेषेवर फाइलमध्ये 207 च्या वर काही सापडणार नाही. फटीगच्या (पुन्हापुन्हा भार पडून धातू थकण्याच्या) हिशेबात एस-एन वक्राचा (किती स्ट्रेसला किती फेऱ्या टिकेल ते सांगणाऱ्या) घातांक 5 धरला, तर आयुष्य सहापटीहून जास्त दिसतं.

माझ्या हातून अशी एक फाइल गेली होती. टेस्टला ब्रॅकेट भोकाच्या कडेलाच तडकलं. तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही.

विदाकाम:
अजिबात पटलं नाही. तुमची मूळ रिझल्ट फाइल उघडायलाच सॉल्व्हरचं लायसन्स लागतं. आम्ही शेकडो डिझाइनवर मशीन लर्निंगचं मॉडेल शिकवतो, प्रत्येकाची मेश वेगळी, नोड (एलिमेंटांचे कोपऱ्यांसारखे जोडबिंदू) नंबर वेगळे. तुलना करायची कशाशी? समान ग्रिड नसेल तर आमचं काम सुरूच होत नाही. दोष ग्रिडचा नाही, 5 मिमी त्रिज्येच्या भोकाला 2 मिमी अंतर निवडणाऱ्याचा आहे.

वेल्डवाली:
सर्वांत मोठा आकडा तोच खरा, हे गृहीतकच मला मान्य नाही. वेल्डच्या 'टो'पाशी (वेल्ड आणि पत्रा मिळतात त्या कडेशी) मेश बारीक करत जा, स्ट्रेस वाढतच राहतो. म्हणून हॉट-स्पॉट पद्धतीत 'टो'पासून पत्र्याच्या जाडीच्या 0.4 आणि 1.0 पट अंतरावर स्ट्रेस वाचतात, आणि पहिल्याची 1.67 पट वजा दुसऱ्याची 0.67 पट करतात. हेही सॅम्पलिंगच आहे, आणि ते मुद्दाम कडेपासून लांब केलेलं आहे.

जाळीकार:
वेल्डवाली, मान्य. पण तुमचं अंतर कडेपासून मोजलेलं असतं. ग्रिडला कड कुठे आहे याचा पत्ताच नसतो.

विदाकाम, विस्थापनाबद्दल माझा वाद नाही, सॉल्व्हर ते थेट नोडवरच काढतो. स्ट्रेस मात्र इंटिग्रेशन पॉइंटवर (एलिमेंटच्या आतल्या ठरावीक बिंदूंवर) निघतो, तिथून नोडपर्यंत ताणला जातो, शेजारच्या एलिमेंटांशी त्याची सरासरी होते, आणि ग्रिडसाठी पुन्हा इंटरपोलेशन (आजूबाजूच्या आकड्यांवरून मधला आकडा काढणं). इतक्या हातांतून गेलेल्या आकड्यावर मी सही कशी करू?

दोनधातू:
त्या सरासरीबद्दल एक. पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या जोडावर दोन्हीकडचा स्ट्रेस वेगळा असू शकतो. मटेरियल न बघता सरासरी घेतली तर येणारा आकडा कुठल्याच धातूचा नसतो. एक्सपोर्टच्या आधी ते सेटिंग बघाच.

विदाकाम:
ठीक, दोन फाइल द्या. एक ग्रिडची. दुसरी कडेवरच्या नोडांची: नोडची जागा (x, y, z), स्ट्रेस, आणि सरासरी घेतली की नाही. पण ग्रिड मी सोडणार नाही.

जाळीकार:
दोन फाइल चालतील. ग्रिडच्या फाइलमध्ये स्ट्रेसचा रकाना मात्र मी देणार नाही.

विदाकाम:
मग मॉडेल शिकवू कशावर? रकाना हवाच. भोकाजवळ ग्रिड 0.25 मिमी करा, फाइल मोठी झाली तर ते माझं मी बघतो.