ह्यूस्टन: पहिली रायफल + रिलोडिंगचं सामान, छोटं गन शॉप की मोठं स्टोअर?

केटीचा_काका
नमस्कार मंडळी. केटीला राहतो, दोन वर्षांपूर्वी ग्रीन कार्ड आलं. त्यानंतर ऑफिसातल्या मित्राबरोबर चार-पाच वेळा शूटिंग रेंजवर गेलो आणि नाद लागला. आता स्वतःची रायफल घ्यायचीय, बोल्ट अ‍ॅक्शन (दर गोळीला हाताने दांडा ओढायची) .308 (काडतुसाचं माप), फक्त टार्गेटसाठी. शिकार नाही, बायको माळकऱ्याच्या घरातली आहे आणि तिने तशी अटच घातलीय. काडतुसं घरी भरायलाही शिकायचंय. घराजवळ छोटं गन शॉप आहे पण मालक खडूस, धड बघत पण नाही आपल्याकडे. फ्रीवेला मोठं स्टोअर आहे, सगळं चकाचक, पण काही विचारलं की काउंटरवरचा पोरगा फोनमध्ये बघून सांगतो. रायफल, स्कोप, रिलोडिंग सगळं मिळून बजेट 1000 डॉलर, वर एक सेंट नाही. कुठून घेऊ?

ऑस्टिनकर_७१
छोटं दुकान. प्रश्नच नाही. मी 12 वर्षं एकाच दुकानातून घेतोय, मालक आता दिवाळीचा फराळ मागून घेतो. बाकी सुरुवातीलाच काडतुसं भरायचं डिलन 750 मशीन घे, आयुष्यभराचं काम. स्वस्तातलं घेशील तर दोनदा घेशील.

केटीचा_काका
अहो डिलनमध्येच बजेट संपेल, रायफल कुठून आणू?

ऑस्टिनकर_७१
रायफल नंतर घे.

निवांत_पुणेकर
😂 घोड्याआधी नाल

डॅलसची_माई
मोठ्या स्टोअरवाल्यांचं कौतुक कोणीच करत नाही म्हणून लिहिते. थँक्सगिव्हिंगला सेल लागतो तेव्हा भाव छोट्या दुकानाला परवडूच शकत नाही. शिवाय मी बाई, त्यात साडेपाच फूट पण नाही, छोट्या दुकानात गेले की गुलाबी पिस्तूल काढून दाखवतात, मला हवी असते शॉटगन. मोठ्या ठिकाणी कोणाला काही पडलेलं नसतं, तेच बरं वाटतं.

जुना_नेमबाज
भाव सोडा, फॉर्मचं बघा. दुकान कुठलंही असो, 4473 (बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म) भरावाच लागतो आणि FBI ची NICS (गुन्ह्यांच्या नोंदी बघणारी) तपासणी होते. ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता सध्याचा पाहिजे, घर बदललं असेल तर आधी ते नीट करून घ्या. मधलं नाव पूर्ण लिहायचं, नुसतं आद्याक्षर चालत नाही. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये, त्यात ग्रीन कार्डवर एक स्पेलिंग लायसन्सवर दुसरं, माझं पहिल्यांदा तिथेच अडकलं आणि मोठ्या स्टोअरने हात वर केले. कायद्याने 3 कामाचे दिवस उत्तर आलं नाही तर दुकानदार माल देऊ शकतो, पण देऊ शकतो म्हणजे दिलाच पाहिजे असं नाही, काही मोठ्या स्टोअरवाले FBI चं 'प्रोसीड' (मंजुरी) आल्याशिवाय हलतच नाहीत. छोट्या दुकानातला ओळखीचा झाला की निदान फोन तरी उचलतो. सारखा डिले येत असेल तर FBI कडे VAF (ऐच्छिक अपील) अर्ज करून UPIN हा स्वतःचा ओळख नंबर घ्या, पाटील-जोशी-कुलकर्णी मंडळींनी तर नक्कीच. आणि ग्रीन कार्डावरचा A-नंबर (इमिग्रेशनचा ओळख क्रमांक) सोबत ठेवा.

एच१_वाला
धागा हायजॅक करतोय सॉरी. मी H-1B वर आहे. मित्र सिटिझन आहे, त्याच्या नावावर घेऊन पैसे मी दिले तर?

जुना_नेमबाज
अजिबात नाही!! याला स्ट्रॉ पर्चेस म्हणतात, फेडरल गुन्हा आहे, मित्रही जाईल आणि तुझं स्टेटसही. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूकच काय काडतूस बाळगायलाही बंदी आहे. अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे चालू हंटिंग लायसन्स. आधी वकिलाला विचार. रेंजवर भाड्याने घेतानाही हे लागू होतं, लोकांना वाटतं भाड्याची चालते.

निवांत_पुणेकर
मुळात बंदूक हवीच कशाला घरात? बुद्धिबळ खेळा.

डॅलसची_माई
आला उपदेश. स्वप्नील कुसाळेचं पॅरिस 2024 चं ब्राँझ बघताना टाळ्या वाजवल्या असतील की तुम्ही पण.

निवांत_पुणेकर
त्याने रेंजवर मारलं, बेडरूममध्ये ठेवून नाही.

कोलापुरी_इन_प्लानो
कुसाळे आमचा राधानगरीचा!! विषय संपला. काका .22 ने सुरुवात कर, काडतूस स्वस्त, धक्का नाही, हात बसतो.

ऑस्टिनकर_७१
.22 रिमफायर असते (ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला), घरी भरता येत नाही. त्याला रिलोडिंग शिकायचंय, वाचा जरा.

कोलापुरी_इन_प्लानो
वाचलंय. म्हणूनच सांगतोय, आधी नेम मारायला शिकू दे. .22 च घे काका.

शुगरलँड_ससा
वॉलमार्ट बघितलं का? सगळ्यात स्वस्त.

जुना_नेमबाज
वॉलमार्टने अलास्का सोडून हँडगन 1993 लाच बंद केल्या, AR प्रकारच्या (लष्करी धाटणीच्या) रायफली 2015 ला, आणि 2019 ला एल पासोच्या गोळीबारानंतर हँडगनची आणि .223 ची काडतुसंही काढली. शिकारीच्या रायफली, शॉटगन ठेवतात काही ठिकाणी. रिलोडिंगचं सामान तिथे शोधू नका.

शुगरलँड_ससा
मी घेतली होती ना पण 2014 ला.

बारूदगल्ली
मुद्द्याचं कोणीच बोलेना. .308 असेल तर भरण्यात पैसे वाचतात, पिस्तुलाच्या 9mm साठी सुरुवातीला नाही. ली कंपनीचा सिंगल स्टेज किट (काडतुसं भरायचं साधं हातयंत्र) दोनशेच्या आसपास पडतो, नवख्याला तोच बरा, एका वेळी एकच काम, चूक दिसते. डाय (काडतुसाला आकार देणारे साचे) आणि मोजायचा कॅलिपर वेगळे धर. वजनकाटा आणि लोडिंगचं छापील पुस्तक यात कंजुषी नको, नेटवरच्या कोणा दादाच्या आकड्यावर भरू नको, माझ्याही नाही. प्रायमर (बुडाची ठिणगी पाडणारी टोपी) आणि पावडर (दारू) ऑनलाइन मागवली तर दर पार्सलवर हॅझमॅटचा (धोकादायक मालाचा) चार्ज बसतो, दोन डब्यांसाठी तो परवडत नाही, इथे छोटं दुकान जिंकतं. 2020-21 ला प्रायमर गायब झाले तेव्हा मोठ्या ठिकाणी शेल्फ रिकामी आणि आमचा म्हातारा नेहमीच्या गिऱ्हाइकांना काउंटरखालून एकेक डबा देत होता. खडूस तोही आहे. शनिवारी गर्दीत जाऊ नको, मंगळवारी दुपारी जा, त्याला हातातली जुनी केस (काडतुसाचं रिकामं पितळी कवच) दाखवून काहीतरी विचार, तासभर सोडणार नाही.
आणि भरताना टीव्ही बंद. मी एकदा मॅच बघत भरत होतो, एका केसमध्ये डबल पावडर पडली, नशिबाने बुलेट (उडून जाणारा पुढचा भाग) बसवायच्या आधी टॉर्च मारून ओळीने बघायची सवय होती म्हणून हे टाइप करायला बोटं आहेत.

डॅलसची_माई
घरात पावडर ठेवणार हे बायकोला सांगितलंय का काका? आमच्या ह्यांनी फोनवर सासूबाईंना "बेसमेंटमध्ये दारू भरतो" सांगितलं, त्या आठवडाभर रडत होत्या.

शुगरलँड_ससा
टेक्सासात बेसमेंट?

डॅलसची_माई
तेव्हा ओहायोत होतो हो.

ऑस्टिनकर_७१
डिलनवर पावडर चेक (दारू किती पडली ते तपासणारा) मिळतो. म्हणून म्हणतो स्वस्तातलं घेऊ नका.

केटीचा_काका
(तीन आठवड्यांनी) सर्वांचे आभार. घेतली! दोन्ही ठिकाणी नाही, एका पॉन शॉपमध्ये (गहाणवटीच्या दुकानात) जुनी मार्लिन 336 दिसली, .30-30, लिव्हर अ‍ॅक्शन, लहानपणी बघितलेल्या काउबॉयवाल्या सिनेमांची आठवण आली आणि राहवलं नाही. 4473 तिथेही भरला, वीस मिनिटांत प्रोसीड. स्कोपचे पैसे वाचले, ली चा किट आणि डाय घेतले, 940 मध्ये सगळं. .308 राहू दे आता.

ऑस्टिनकर_७१
पॉन शॉप 🤦 बॅरल आतून बघितली का?

कोलापुरी_इन_प्लानो
.22 सांगत होतो.

बारूदगल्ली
अभिनंदन, छान रायफल आहे. बुलेट कुठल्या घेतल्यास? त्या मार्लिनमध्ये मॅगझिन नळीचं असतं, काडतुसं एकामागे एक बसतात, टोकदार बुलेट असेल तर टोक पुढच्याच्या प्रायमरला टेकतं. धक्क्याने उडू शकतं. चपट्या नाकाच्याच पाहिजेत, किंवा हॉर्नडी कंपनीच्या मऊ टोकाच्या.

केटीचा_काका
मोठ्या स्टोअरमधून दोन डबे आणलेत. टोकदार. पोरगा म्हणाला .30 कॅलिबर सगळं सारखंच. परत घेत नाहीत म्हणे.

बारूदगल्ली
ठेव आता. .308 घेशील तेव्हा चालतील.